मेल्यानंतरचा शॉट

"भूप्या, गोरा पळाला!"

आण्णांची ही हाक पन्हाळ्याच्या वाऱ्यातूनही अंबरखान्यापर्यंत स्पष्ट ऐकू आली. चहा तसाच कट्ट्यावर ठेवून मी पळत सुटलो. सकाळपासून तो दुसऱ्यांदा गायब झाला होता. त्याला शोधून आणणं माझ्याच गळ्यात होतं, कारण त्याला पुण्याहून आणणारा मीच.

आण्णा म्हणजे यशवंतराव हुपरीकर, आमचे दिग्दर्शक. कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावावर ते चित्रपट काढत होते आणि मी त्यांचा सहायक होतो. सहायक म्हणजे दगड हलवण्यापासून संवाद लिहिण्यापर्यंत पडेल ते काम करायचं आणि वर सगळ्यांच्या वाटच्या शिव्या खायच्या. एकोणऐंशी सालचा डिसेंबर होता. गडावर चित्रण करायची परवानगी त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंतच होती. आमचे नायक प्रतापराव संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघणार होते आणि एकदा गेले की चार महिने हाती लागणार नव्हते. एकच प्रसंग राहिला होता. प्रतापरावांनी इंग्रज कॅप्टनला तटावर गाठायचं आणि मारायचं. कॅप्टन मेला की चित्रपट पुरा होणार होता, आणि कॅप्टनचाच पत्ता नव्हता.

तो सापडला एका पडक्या बुरुजाआड. अंगात लाल कोट. हा कोट आम्ही कोल्हापुरातल्या एका लग्नाच्या बँडवाल्याकडून आणला होता, त्यामुळे खांद्यावरची सोनेरी झालर इंग्रजी फौजेपेक्षा वरातीलाच जास्त शोभली असती. गुडघे छातीशी घेऊन तो दरीकडे बघत बसला होता.

"आर्नो, सगळे थांबलेत," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो.

"माहीत आहे."

"बरं वाटत नाही का?"

"ही बटणं," तो म्हणाला. "मला लावता येत नाहीत."

त्याने हात पुढे केले. बोटं थरथरत होती. हिवताप भरला की काय, असं मला वाटलं. मी खाली बसलो आणि एकेक बटण लावायला लागलो. वरच्या बटणाशी आलो तेव्हा त्याने हनुवटी वर उचलली, शाळेत जाणारं पोरगं आईपुढे उचलतं तशी. वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता.

हा माणूस आमच्याकडे कसा आला, तेही सांगतो. ठरलेला कॅप्टन एक ऑस्ट्रेलियन प्रवासी होता. तो ऐन वेळी गोव्याला निघून गेला. आण्णा म्हणाले, "जा पुण्याला. तिकडं त्या आश्रमाच्या दारात भगवी कापडं घालून हिंडत्यात. चांगला उंचापुरा बघून घेऊन ये एक." जणू मंडईतून दुध्या आणायचा होता. गोरा म्हणजे इंग्रज, असं आमचं साधं गणित. तो कुठल्या देशाचा, काय काम करणारा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

आश्रमाजवळच्या चहाच्या टपरीवर मी पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांनी हसून नकारार्थी मान हलवली. हा एकटाच बाकाच्या टोकाला बसला होता, छातीपर्यंत दाढी वाढलेली. तो म्हणाला, "कोट कुठल्या रंगाचा आहे?"

"लाल."

"राखाडी नाही ना?"

"नाही. इंग्रजांचा आहे, लालच."

"शेवटी मी मरतो?"

"मरता," मी म्हणालो. "पण फार वेळ लागत नाही."

चहा गार झाला. मग म्हणाला, "करून बघतो." नाव सांगितलं आर्नो. जर्मनीचा आहे म्हणाला. म्हटलं, असेना, दाढी काढली की झाला इंग्रज.

येताना कऱ्हाडला जीप थांबली तर हा उतरून सरळ पुण्याच्या दिशेने चालायला लागला. मी मागे धावलो. तसा तो परत येऊन बसला. कोल्हापुरात न्हाव्याच्या खुर्चीतूनही अर्धी दाढी झाल्यावर उठला होता. अर्ध्या दाढीने जाणार कुठे, म्हणून पुन्हा बसला. एकदा कॅमेऱ्यासमोर उभा राहीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बटणं लावून मी त्याला घेऊन आलो, तेव्हा आण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काय म्हणतोय पाव्हणा?"

"तयार आहेत, आण्णा."

"तयार हाय तर मग कापतोय कशापायी? आरं, मरायचंच हाय, त्याचं लगीन न्हाई लावायचं!"

आण्णांनी सगळा प्रसंग स्वतः करून दाखवला. कॅप्टन कसा मागे सरकतो, तलवार कशी लागते, छाती धरून कसा ओरडतो, कसा कोसळतो. आण्णांचं पोट सुटलेलं, धोतर वाऱ्याने उडत होतं, तरी ते मन लावून मेले. आर्नोने सगळं शांतपणे बघितलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "लेन्स कुठली आहे?"

मी कॅमेरामन विष्णुपंतांना विचारलं. त्यांनी भुवया वर केल्या. "पन्नास नंबरची. का बरं?"

आर्नोने अर्धं पाऊल डावीकडे टाकलं आणि मान किंचित फिरवली. उतरतं ऊन बरोबर त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर आलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विष्णुपंतांनी कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा लावला.

मी बाजूला व्हायला निघालो, तर त्याने माझी बाही धरली.

"मी मधूनच निघून गेलो तर काय होईल?"

"आण्णांनी सहा वर्षं या चित्रपटाचा ध्यास घेतलाय," मी म्हणालो. "तो इथेच अपुरा राहील."

"आणि मी थांबलो तर?"

"तर तुम्ही मराल आणि मग आपण सगळे जेवू."

तो हसला नाही. कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाला, "मी नट आहे, भूपाल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कॅमेऱ्यासमोरून चालत निघून गेलो. आज उभा राहू शकलो नाही, तर यापुढे कधीच राहणार नाही. म्हणून आलो."

तेवढ्यात आण्णा ओरडले, "भूप्या, फ्रेममध्नं बाहेर!"

कॅमेरा सुरू झाला. प्रतापराव तलवार उपसून गर्जना करत आले. तलवार पत्र्याची होती, गर्जना मात्र अस्सल. आर्नो मागे सरकला. तलवार लागली. आण्णांनी दाखवल्याप्रमाणे तो ओरडलाच नाही. त्याने मान खाली घालून कोटाकडे पाहिलं, जिथे लाल रंगाची पिशवी फुटली होती तिथे. त्याच्या चेहऱ्यावर नवल होतं. मग त्याचं बोट एका बटणाकडे गेलं आणि तो ते लावायला लागला. लागेना. पुन्हा प्रयत्न केला. मग भिंतीला पाठ घासत तो हळूहळू खाली बसला आणि कलंडला. बोट बटणावरच राहिलं.

वारा तेवढा वाजत होता. आण्णा "कट" म्हणायचं विसरले होते. विष्णुपंतांनी खाकरून आठवण केली, तेव्हा म्हणाले.

मग टाळ्या पडल्या. लाइटवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. प्रतापराव तलवारीकडे बघत म्हणाले, "आयला, खराच मारला की काय मी!"

आर्नो उठला नाही.

मी जाऊन बघितलं. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. "आर्नो, झालं. उठा."

"माहीत आहे. जरा थांब."

तो पडूनच राहिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात विष्णुपंत कॅमेऱ्यामागून पुढे आले, वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आण्णा, ह्याला मी मेलेला बघितलाय."

"आत्ताच समद्यांनी बघितला."

"तसं न्हवं. थेटरात. मॅटिनीला लढाईचे इंग्रजी पिच्चर लागत्यात न्हवं का, त्यात. जर्मन अधिकारी असतोय ह्यो. एकात पुलावरनं पडतोय, एकात मोटारीत जळतोय. ह्यो मेला की पोरं खुर्च्या बडवायची. मी बी बडवल्यात."

मी आर्नोला विचारलं. त्याने पडल्या पडल्याच होकारार्थी मान हलवली.

"तीसेक वेळा मेलो असेन. पंचवीस वर्षं तेच काम होतं. उंची, डोळे, ताठ मान. परदेशी कंपन्यांना असा माणूस हवाच असतो. तो आल्याबरोबर प्रेक्षकांना कळतं की हा वाईट आहे आणि शेवटी मरणार आहे."

मी हे सांगितल्यावर सगळ्यांना भारीच वाटलं. आमच्या बँडच्या कोटात खरा विलायती नट! प्रतापरावांनी तर फोटोवाल्याला हाक मारली. आण्णांच्या कपाळावर मात्र आठी आली. त्यांनी विचारलं, "मेल्यावर हसू घेत होते का ह्याचं?"

ही आमच्याकडची रीत. चित्रपटात जो मरतो, त्याला तिथल्या तिथे उठवायचं, लेन्सकडे बघून हसायला लावायचं आणि तेवढा तुकडा चित्रित करायचा. तो तुकडा चित्रपटात जात नाही, संकलनाच्या टेबलावरून सरळ कचऱ्यात जातो. पण तो घेतल्याशिवाय आण्णांच्या युनिटमध्ये कुणी अन्नाला शिवत नसे. फिल्म वाचवायची म्हणून आण्णा नटांना दुसरा टेक देत नसत, पण हसू कधी सोडलं नाही. एका म्हाताऱ्या नटाला तर त्यांनी कवळी सापडत नव्हती म्हणून बोळक्या तोंडाने हसवलं होतं.

मी आर्नोला विचारलं. त्याला प्रश्नच कळेना.

"हसू? मेल्यावर?"

"हो. तुमच्याकडे मेल्यावर काय करतात?"

"थँक यू म्हणतात," तो म्हणाला, "आणि दिवे बंद करतात."

आण्णा मटकन खालीच बसले. "तीस बार मारला गड्याला आन् एकदा बी उठीवला न्हाई? मग हात कापंल न्हाईतर काय हुईल? विष्णुपंत, लावा कॅमेरा."

"आण्णा, उजेड चालला. फिल्म बी शेपटीला आलीया."

"हाय तेवढी लावा."

आर्नोला मी हाताला धरून बसवलं, रीत समजावून सांगितली. त्याने खांदे उडवले. कॅमेरा सुरू झाला, त्याने लेन्सकडे बघितलं आणि दात दाखवले. अगदी देखणं हसू होतं, अंगावर काटा आणणारं.

"कट!" आण्णा म्हणाले. "हे कॅप्टनचं हाय. त्याचं सोताचं पायजे."

मी सांगितलं आणि आर्नो भडकला. ताडकन उभा राहिला. "मी चित्रपटात हसत नाही. कधी हसलेलो नाही. तुमचा माणूस मेला ना? माझं काम झालं." तो कोटाची बटणं ओढायला लागला. एक तुटून दगडावर उडालं. मग तसाच कोटासकट दरवाज्याच्या वाटेने तरातरा चालायला लागला. मी मागे. प्रतापराव घड्याळाकडे बघत ओरडले, "अहो आण्णा, जाऊ द्या की त्याला! शॉट मिळालाय. माझी गाडी चुकंल." बरोबरच होतं त्यांचं. चित्रपट पुरा झाला होता. आता त्या माणसाशी आमचं काही काम उरलं नव्हतं.

"भूप्या," आण्णांनी मागून हाक दिली, "त्याला इचार, आई हाय का!"

मी धापा टाकत विचारलं. आर्नो थांबला. मागे वळून म्हणाला, "का?"

आण्णा धोतर सावरत जवळ आले. माझ्याकडे न बघता थेट त्याच्याशीच बोलायला लागले, जणू त्याला मराठी येत होतं. "पडद्यावर पोरगं मेलेलं बघून आईच्या पोटात तुटतंय, बाबा. ते खोटं हाय, हे तिला ठावं असतंय, तरी बी तुटतंय. म्हणून त्याला उठवून हसवायचं. तिला दिसू दे, न्हाईतर न दिसू दे. हितं कुणीतरी तिच्या पोराला उठीवलं, एवढं तरी व्हायला पायजे."

मी जमेल तसं इंग्रजीत केलं. नीट जमलं नाही. पण आर्नो वाटेवरच्या एका धोंड्यावर बसला आणि बोलायला लागला. तो दोन वाक्यं बोलायचा, मी मराठीत सांगायचो. हळूहळू सगळं युनिट भोवती गोळा झालं.

"मी सोळा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "युद्धाचे शेवटचे दिवस. मोठी माणसं संपली म्हणून आम्हा पोरांना फौजेचे राखाडी कोट दिले. मी पळालो, चालत घरी आलो. आईने माझ्या अंगावरून तो कोट काढला आणि चुलीत घातला. ओल्या लोकरीचा कोट, जळेना. घरभर धूर. ती दिवसभर चुलीपुढे बसून तो तुकडा तुकडा करून जाळत होती. म्हणाली, आता पुन्हा हा नाही."

"पुढे मी नट झालो. आणि पहिल्याच मोठ्या चित्रपटात त्यांनी माझ्यापुढे तोच कोट धरला. मग पुढच्यात. मग त्याच्या पुढच्यात. आमच्या गावात चित्रपट आला की आई चांगली टोपी घालून बघायला जायची. दारावरच्या माणसाला विचारून ठेवायची, माझा मुलगा कधी मरतो? त्याच्या थोडं आधी तो येऊन तिच्या खांद्याला हात लावायचा आणि ती उठून बाहेर जायची. माझ्या एकाही चित्रपटाचा शेवट तिने पाहिलेला नाही."

"मग?" प्रतापरावांनी विचारलं. ते घड्याळाकडे बघायचं विसरले होते.

"दोन वर्षांपूर्वी स्पेनमध्ये चित्रण चालू होतं. सकाळी कोट घालताना हात थांबले. बटण लागेना. मी चालायला लागलो, तो चालतोच आहे. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, बहुधा मेला असावा. तिने ते वाचलं असणार."

"तुम्ही कळवलं नाही?" मी विचारलं.

"काय कळवू? मी जिवंत आहे, पण उठता येत नाही?"

हे मराठीत सांगताना मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. विष्णुपंत पलीकडे तोंड करून नाक शिंकरत होते.

आण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला, पाण्याच्या घागरीत बुडवून पिळला आणि आर्नोची हनुवटी धरून त्याच्या तोंडावरचा, गळ्यावरचा लाल रंग पुसायला लागले. कानामागचा सुद्धा. "आईला रगत दिसाय नगं," ते म्हणाले. "आन् त्यो बँडाचा कोट काढ म्हणावं पहिला."

आर्नोने कोट काढला. आत आश्रमातली चुरगळलेली भगवी बंडी होती. भिंतीवर ऊन अगदी वितभर उरलं होतं. तो त्या उन्हात जाऊन उभा राहिला. या वेळी त्याने लेन्सचा नंबर विचारला नाही.

"फिरवा," आण्णा हळूच म्हणाले.

तो लेन्सकडे बघत होता, फिल्म सरकत होती. मग त्याचे ओठ हलले. "मुटी," तो म्हणाला. म्हणजे आई, हे कुणाला सांगायची गरज पडली नाही. मग एक वाक्य बोलला, दुसरं बोलला, मध्येच कसली तरी आठवण झाल्यासारखा फसकन हसला. हसताना नाक वाहिलं, ते त्याने मनगटाने पुसलं आणि आणखीच हसला. तीसेक वेळा मेलेला तो देखणा माणूस हसताना अगदी साधा दिसत होता, एका बाजूचा दात थोडा वाकडा.

विष्णुपंतांनी हात वर केला. फिल्म संपली होती. आण्णांनी डोळे वटारले आणि बोट गोल फिरवलं: चालू ठेवा. कॅमेरा रिकामाच घरघरत राहिला. आर्नो बोलत राहिला, हातवारे करत, कधी दरीकडे, कधी आमच्याकडे बोट दाखवत. एकदा आण्णांच्या पोटाकडेही दाखवलं. ऊन भिंतीवरून गेलं तरी कुणी हललं नाही. प्रतापरावांची गाडी केव्हाच चुकली होती.

शेवटी त्याने स्वतःच मान झुकवली आणि म्हणाला, "कट."

जेवणं झाली. आर्नो तीन भाकऱ्या जेवला आणि तांबड्या रश्श्याने लालबुंद झाला. सामान जीपमध्ये भरून आम्ही दोघं उतारावरून चालत निघालो. माझ्या मनाला काही चैन पडेना. त्याने आईला जे सांगितलं, त्यातली पहिली एक-दोन वाक्यंच फिल्मवर होती. बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं होतं, आणि आम्ही पंचवीस माणसांनी ते त्याच्यापासून लपवलं होतं. अखेर न राहवून मी म्हणालो, "आर्नो, एक सांगायचं होतं. ती फिल्म..."

"मध्येच संपली," तो म्हणाला. "फिल्म संपली की आवाज बदलतो. पंचवीस वर्षं तो आवाज ऐकलाय मी."

मी थांबलोच. "मग तुम्ही बोलत का राहिलात?"

"तालीम करत होतो," तो म्हणाला. "आता सांग, विमान पकडायला मुंबईला जाणारी सकाळची पहिली गाडी कुठून सुटते?"